धोंड्याची वेणी कोल्हापूरला नेली त्याची हकीकत

आमच्या वाडीतल्या बहुतेकांनी गगनबावड्याच्या बाजारापलीकडं काही बघितलेलं नाही. कोल्हापूर म्हटलं की महाराज, हत्ती आणि अंबाबाई, एवढंच त्यांना ठाऊक. दिवाळीनंतर मी तिकडं जाऊन आलो. नातवाला बोर्डिंगात ठेवायला गेलो होतो. आल्यापासून जो तो विचारतो, आणि प्रत्येकाला सांगताना काही ना काही राहून जातं. म्हणून एकदाच लिहून काढलं. चावडीत कुणीतरी वाचून दाखवावं. माझं शिक्षण पंतोजीच्या छड्या खाण्यापुरतं झालं. शुद्धलेखन आमच्या शाळामास्तरांनी नीट करून दिलं आहे. पण जो जसं बोलला तसं ते ठेवा, त्याला शहाणपण लावू नका, असं मी त्यांना बजावलं.

वाडीबाहेरच्या माणसांसाठी आधीचं थोडं सांगतो. माझ्या लेकाची पहिली तीन पोरं गेली. एक गोवरानं, दोन पटकीनं. चौथा झाला तेव्हा माझ्या बायकोनं, सारजानं, त्याचं नाव धोंडी ठेवलं, पोरीसारखं नाक टोचलं, आणि जोतिबाला नवस बोलली. हा जगला तर बाराव्या वर्षी ह्याचे केस डोंगरावर आणीन, तोवर कात्री लावणार नाही. पोरगं जगलं. केस कमरेपर्यंत आले. दर रविवारी सारजा त्याला पुढ्यात बसवायची, तेल चोळायची आणि घट्ट वेणी घालायची.

आणि पोरं शाळेत घालायचा हुकूम निघाला तेव्हा त्याच सारजानं त्या वेणीसकट त्याला शाळेत नेऊन बसवलं. मी म्हणालो, गुरं कोण राखणार. ती म्हणाली, "तुमी राखा की. तुमास्नी दुसरं काय येतंय?" रोज दिवा लागला की त्याला वाचायला बसवायची. तिला अक्षर कळत नव्हतं. मानमोडीच्या साथीत अंगात ताप असताना सुद्धा म्हणायची, वाच रं. पोरगं वाचत होतं आणि ती गेली. त्याला कळलंच नाही, तो पान उलटून पुढं वाचत होता. मीच त्याला थांब म्हणालो.

ह्या साली शाळामास्तर घरी आले. म्हणाले, "चौथी झाली. आता माझ्याकडं देण्यासारखं काही नाही. कोल्हापूरच्या बोर्डिंगात एक जागा मोकळी झाली आहे. आठवड्याच्या आत पोरगं नेऊन उभं करा, नाहीतर दुसऱ्या कुणाला जाईल." लेक माझा बैलगाडीनं खाली कोकणात माल नेतो, महिन्यातून एकदा घरी. त्याला विचारलं तर म्हणाला, आबा, तुमी ठरवा. सुनेला, गोदाला, विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"मामंजी, न्या पोरगं. सासूबाईंच्या मनात हुतं, मी आडवी येत न्हाई. पण त्याच्या केसाला कात्री लागली आन् त्याला कायबी झालं, तर तुमी परत येऊ नगासा."

मी हो म्हणालो. त्या वेळी मला ते सोपं वाटलं होतं.

साळवण

मी एक युक्ती काढली. वेणी डोक्याभोवती गुंडाळायची आणि वर माझा जुना फेटा. गोदानं पहाटे वेणी घातली, मी फेटा बांधला. दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तो पेंढ्या रचलेल्या भाताच्या उडवीसारखा दिसत होता.

वाटेत मी त्याला पढवलं. "फेटा सोडायचा न्हाई. निजताना न्हाई, अंघुळीला न्हाई. कुणी इचारलं तर डोस्कं दुकतंय म्हणायचं."

"रोज?"

"रोज."

"बाराव्या वर्सापतूर?"

"व्हय."

"मग मास्तर मला दवाखान्यात घालतील की, आज्जा."

मी त्याला भराभर चालायला सांगितलं.

साळवणला देवळात मुक्काम केला. गठुड्यातली नाचणीची भाकरी आणि खर्डा सोडला. आमच्यासारखे वाटसरू आणखी होते, त्यातला एकजण पोराकडं बघून म्हणाला, "पावणं, नवरदेव कुठं न्हेताय?" सगळे हसले. मी हसलो नाही. पोरगं मान खाली घालून भाकरी खात राहिलं. डोकं खाजत होतं त्याचं, बोट फेट्यात घालायला बघायचं आणि माझ्याकडं बघून काढून घ्यायचं.

कळ्यापासून पुढं

दुसऱ्या दिवशी कळे गावाजवळ माझ्या टाचेला फोड आले. रस्त्याच्या कडेला बसलो होतो, तर मागून एक बैलगाडी आली. गाडीत रुईची पोती आणि कापूस पिंजायची लांबलचक कमान. गाडीवान हुसेनभाई, शिवाजी पेठेतला पिंजारी. थंडी सुरू झाली की गावोगाव फिरून गाद्या पिंजून देतो, आता घरी निघालेला.

"चढा, म्हातारबाबा. पाय काय भाड्यानं आणलायसा का?"

चढलो. हुसेनभाईचं तोंड गाडीच्या चाकासारखं, थांबत नाही. कोल्हापुरात आता पोरगं घरात ठेवलं तर आईबापाला दंड होतो म्हणाला. "आमच्या गल्लीत एकानं पोराला कोठीत लपवलं. शिपाई दारात, आन् ह्यो म्हणतोय घरात पोरगंच न्हाई. तवर आतनं पोराला शिंक आली."

धोंड्या खदखदून हसला. लपवलेलं सापडतं, एवढंच मला त्यातून ऐकू आलं.

बालिंग्याजवळ बैलांना पाणी दाखवायला गाडी नदीच्या काठाला उतरवली. पोरगं ओंजळीनं पाणी प्यायला वाकलं आणि फेटा सुटला. अर्धा पाण्यात, अर्धा मानेवर. वेणी पाठीवर घसरली. मी धावलो, फोड फुटला, तसाच लंगडत गेलो आणि ओल्या फेट्यात वेणी कोंबली. मागं बघतो तर हुसेनभाई बैलाची मान खाजवत उभा.

"हुसेनभाई, काय बघितलंसा?"

"मी? मी बैलाचं शेपूट बघितलं."

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "माझ्या डोक्यावर बी पिराच्या नावाची शेंडी हुती लहानपणी. अम्मानं ठेवलेली. चुलीतला इस्तू लागला केसाला तरी कापू देईना." आणि बैलांना हाक दिली.

शहर

रंकाळा दिसला तेव्हा धोंड्या गाडीत उभाच राहिला. त्याला वाटलं समुद्र. मलाही क्षणभर तसंच वाटलं, पण मी सांगितलं नाही. हुसेनभाई म्हणाला, रात्री आमच्याकडंच उतरा. मुसलमानाच्या हातचं आमच्यात खात नाहीत. त्याला ते माहीत होतं. त्याच्या आईनं, अम्मानं, न विचारता अंगणात तीन दगड मांडून दिले, कोरं मडकं दिलं, आणि शेजारच्या मराठ्याच्या घरातून पाणी आणून घेतलं. मी पिठलं केलं. ते खाली लागलं.

सकाळी बोर्डिंगाकडं जाताना रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, आणि गवळी माणसांच्या समोर धार काढून तिथंच पेल्यात देतो. तालमीतली पोरं मातीनं माखलेल्या अंगानं उभी राहून पीत होती. आमच्याकडं दूध घरात, पडद्याआड, नजर लागू नये म्हणून झाकून. इथं भर रस्त्यात फेस उडवत. धोंड्या एक पेला प्याला, दुधाची मिशी पुसली नाही. एक पैलवान पोरगं त्याला म्हणालं, "ए फेटेवाल्या, कुस्ती खेळतोस का?" आणि हात पुढं केला. मी मधे उभा राहिलो. ते पोरगं नुसतं थट्टा करत होतं, पण माझा जीव त्या फेट्याच्या गाठीत अडकलेला.

बोर्डिंग

मोठं दगडी घर. पडवीत ओळीनं पोरं बसून पाढे म्हणत होती, सगळ्यांची डोकी तासलेली, नारळासारखी. ते बघितलं आणि माझी युक्ती किती शहाणपणाची होती ते मला तिथंच कळलं.

बोर्डिंगाचे मास्तर वयानं माझ्या लेकाएवढे. बोलणं सौम्य. पोराच्या हातात पुस्तक दिलं, म्हणाले, कुठूनही वाच. धोंड्यानं सुरू केलं. पानाच्या शेवटी थांबला नाही, उलटून पुढं गेला. दुसरंही उलटलं. मास्तरांनी पुस्तकावर हात ठेवला तेव्हा थांबला.

"जागा तुझीच आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "फेटा काढ, बाळ."

"त्येचं डोस्कं दुकतंय," मी म्हणालो.

"मग तर काढायलाच हवा."

"आमच्यात फेटा काढत न्हाईत."

"जेवताना?"

"जेवताना बी न्हाईत."

"झोपताना?"

पडवीतली पोरं पाढे विसरून आमच्याकडं बघत होती. मास्तर हसले नाहीत. धोंड्यानं माझ्याकडं बघितलं, फेट्याला हात घातला आणि स्वतःच सोडला. वेणी कमरेपर्यंत खाली आली. एक पोरगं मागून म्हणालं, "आरं, पोरगी हाय." बाकीचे फिदीफिदी. मास्तरांनी नुसतं वळून बघितलं, पाढे पुन्हा सुरू झाले.

मी सगळं सांगितलं. तीन गेलेली, नवस, सारजा, गोदाची अट. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबा, गेल्या साली एका पोराच्या डोक्यातून उवा आणि खरूज सगळ्या बोर्डिंगभर झाली. दोन पोरं फणफणून आजारी पडली. तेव्हापासून इथं कुणाच्या डोक्यावर केस राहत नाहीत. पाटलाचा असो नाहीतर धनगराचा."

"शेंडी चालती की तुमच्यात."

"शेंडी चालते. कमरेपर्यंतची चालत नाही."

"दोन वर्सं. दोन वर्सांनी मी सोता कापून आणतो."

"दोन वर्षं जागा रिकामी ठेवता येत नाही मला. बाहेर पोरं थांबली आहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत धरतो. त्यापेक्षा जास्त नाही."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आमच्या वाडीत कधी बघितलेलं नाही. ते धोंड्यापुढं उकिडवे बसले आणि त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

धोंड्या माझ्याकडं बघायला लागला. म्हणजे त्यालाही कळेना की हा प्रश्न खरंच त्याला आहे. आम्ही पोराला जेवतोस का विचारतो, शेण काढलंस का विचारतो. हे असलं कुणी विचारत नाही.

पिंजाऱ्याच्या अंगणात

दिवसभर मी अंबाबाईच्या देवळात बसलो. पोरगं खांब मोजत हिंडत होतं. देवीपुढं मी काही मागितलं नाही. काय मागायचं तेच ठरत नव्हतं. शाळेत घातलं तर सारजाचं एक मागणं पुरं होतं आणि नवस मोडला तर तिचंच दुसरं जातं. जिवंत असती तर भांडून विचारलं असतं. भांडायलाही माणूस लागतं.

संध्याकाळी अंगणात येऊन मी ठरवून टाकलं. "उद्या सकाळी घराकडं निघायचं. बांध गठुडं."

धोंड्या उठला नाही. हुसेनभाई कमानीची तात, तिची दोरी, ओढून बसवत होता, अम्मा सुपात तांदूळ पाखडत होती. पोरगं म्हणालं, "मी मरणार न्हाई, आज्जा."

"गप."

"केस कापलं म्हणून कोण मरत न्हाई."

"तुला काय ठावं?"

"आज्जीचं केस कुणी कापलं हुतं? तरी ती गेली की."

माझा हात वर गेला. तसाच राहिला. हुसेनभाईच्या हातातली तात सुटून वाजली. सारजा गेल्यापासून लोक मला म्हणत होते, देवाची मर्जी, साथच तशी होती, सोन्यासारखं मरण आलं. त्यातलं एकही मला लागलं नव्हतं. हे लागलं. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. काळे नव्हते राहिले, पण होते. सगळे उपास तिनं केले, सगळे नवस फेडले, कुणाचं काही ठेवलं नाही. फक्त हा एक राहिला होता.

अम्मानं सूप खाली ठेवलं. "म्हाताऱ्या, हात खाली घे. दुकंल."

मी हात खाली घेतला.

"ह्याची शेंडी मी पंधरा वर्सं ठेवली," हुसेनभाईकडं बोट करून ती म्हणाली. "पिराला वाहिली, भाताची देग केली, सगळं केलं. आता बघ त्येचं डोस्कं. एक केस हाय का?"

"अम्मा," हुसेनभाई म्हणाला.

"जिवंत हाय, एवढं मातूर खरं. शेंडीनं का माझ्या शिव्यांनी, अल्लाला ठावं."

मी धोंड्याला म्हणालो, "भ्या वाटंल बग तुला. कापल्यावर."

"वाटंल की," तो म्हणाला. "पर मला ऱ्हायाचं हाय हितं."

कात्री

सकाळी हुसेनभाई पेठेतल्या न्हाव्याला घेऊन आला. त्यानं वेणी बघितली आणि हत्यारं पुन्हा पिशवीत घातली. "नवसाचं हाय. पैली कात्री मी लावणार न्हाई. घरच्यानं लावावी. मग म्होरलं मी करतो."

आणि आणखी एक. असले केस भुईवर पडू द्यायचे नसतात, घरातल्या बाईनं पदरात धरायचे असतात. आत्यानं, नाहीतर आजीनं. ह्याला आत्या नाही. मी माझा फेटा पसरायला लागलो.

"गडी मानसानं धरत न्हाईत," अम्मा म्हणाली. मागं येऊन बसली, पदर पुढं ओढला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

कात्री मी हातात घेतली, ती बोथट होती. जाड वेणी एका झटक्यात तुटत नाही, करकर करत तुटते, गवताची पेंढी कापावी तशी. सारजाच्या हातचं तेल त्या केसांत अजून असेल असं मला वाटत होतं. नसणार, वर्ष होऊन गेलं.

"झालं?" धोंड्या विचारायचा.

"न्हाई."

"झालं?"

"गप बस, कान कापंल."

वेणी अम्माच्या पदरात पडली तेव्हा कसला आवाज झाला नाही. तिनं दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधली, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मग न्हाव्यानं बाकीचं डोकं तासलं. पोराचे कान एवढे मोठे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. अम्मानं त्याच्या हातावर शेवयाच्या खिरीची वाटी ठेवली, त्यानं खाल्ली. मी शेजारच्या दारातल्या म्हशीकडं बघत होतो.

दुपारच्या आत आम्ही बोर्डिंगात होतो. मास्तरांनी एकदा त्याच्या डोक्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं आणि नाव घालून घेतलं. पडवीत ज्यानं पोरगी म्हटलं होतं त्याच्याच शेजारी जागा मिळाली. धोंड्या जाऊन बसला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. नंतर त्या पोरानं आपली पाटी थोडी बाजूला सरकवली, एवढंच.

मी निघालो. त्यानं मागं वळून बघितलं की नाही माहीत नाही, कारण मी बघितलं नाही.

परत

येतानाची वाट जास्त लांब वाटली. वेणीचं फडकं अंगातल्या कोपरीच्या आत, छातीशी. मागून कोल्हापूरची गाडी आली की मी उभा राहायचो. बोर्डिंगाची काही बातमी आहे का म्हणून विचारायचो. कुणाला काही ठाऊक नसायचं. साळवणला ताप आलेलं एक पोरगं बापाच्या खांद्यावर बघितलं आणि मी जेवलो नाही.

गोदा खळ्यावर नाचणी मळत होती. मला एकट्याला बघून तिनं हातातलं सोडलं नाही. मी फडकं काढून तिच्यापुढं धरलं.

"जित्ता हाय," मी म्हणालो. "चांगला हाय. म्या कापलं. दुसऱ्या कुणी न्हाई."

तिनं फडकं उघडलं नाही. हातानं चाचपलं, तेवढ्यानं तिला कळलं. घरात गेली. मी उंबऱ्याबाहेर बसलो. परत येऊ नका म्हणाली होती, म्हणून आत गेलो नाही. संध्याकाळी भाकरी बाहेर आली, बोलणं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायला गोदा कमरेला पदर खोचून बाहेर पडली. असळजच्या पुढं ती कधी गेलेली नव्हती. मी म्हणालो, "थांब, मी येतो." तिनं शेजारणीला विचारलं, कोल्हापूरची वाट नदीच्या कुठल्या अंगानं जाते. मी शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं तिला सांगितलं. गेली. चालत.

आठवडाभर मी गुरं राखली आणि रस्ता बघितला. परत आली तेव्हा पाय सुजलेले. पाणवठ्यावर बायकांनी गराडा घातला. मी लांबून ऐकलं. "हाय बरा. शिंकत हुता जरा. जेवताना बघितला." मग म्हणाली, "वाचून दावलं मला. मला काय कळलं न्हाई. थांब म्हणलं तरी थांबंना." दुसरी एक म्हणाली, नवस मोडला की गं. गोदा म्हणाली, "कोण म्हणतं मोडला? बारावं लागंल तवा मी न्हेणार हाय केस डोंगरावर. तवर माज्यापाशी ऱ्हातील." आणि घागर उचलून चालू लागली. हे देवाला चालतं की नाही, मला माहीत नाही. शाळामास्तरांनाही माहीत नाही. दोन वर्षं जायची आहेत, आणि तोवर कोल्हापूरकडून येणारी प्रत्येक गाडी मी थांबवणारच.

माझ्याशी मात्र ती बोलली नाही. भाकरी बाहेर, पाणी बाहेर.

परवा रविवार होता. गोदा पडवीत फडकं सोडून बसली. तेलाची वाटी शेजारी. तिनं वेणी उकलली, तेल लावलं, फणी घातली. पण केस आता कुणाच्या डोक्यावर नाहीत. फणी ओढली की सगळी बट तिच्या हातातून सरकत होती. मांडीखाली दाबून बघितलं, पायाच्या अंगठ्यात धरून बघितलं. जमेना. मी खांबाला टेकून बसलो होतो.

"मामंजी," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. "ह्ये वरचं टोक धरा जरा."

मी उठून तिच्यासमोर बसलो आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. तिनं फणी लावली.

"ओढू नगासा."

मी ओढत नव्हतो.